महागापासून आरंभ

पंधरा वर्षं ओलांडलेली गाडी अ‍ॅव्हरेज देईना आणि दुसरा गिअर खरखरत पडू लागला, की आमचे गॅरेजवाले निदानात वेळ दवडत नाहीत. ते थेट सर्वांत महाग पार्टपासून सुरुवात करतात, हे स्तुत्य आहे. आधी गिअरबॉक्स, मग क्लचप्लेट, मग इंजेक्टर. सैल पडलेली क्लच केबल, चाकाला घासत राहणारा ब्रेक, टायरमधली कमी हवा असल्या किरकोळ गोष्टींत डोकावणं त्यांच्या हुद्द्याला शोभत नाही. वैद्यकशास्त्रानंही हीच शिस्त अंगीकारावी: ताप आल्यास प्रथम हृदय बदलावं, थर्मामीटरचं नंतर बघू. एवढं होऊन आता गाडीत मूळच्या अशा तीनच गोष्टी उरल्या आहेत: क्लच केबल, टायरमधली हवा आणि अ‍ॅव्हरेज. तिन्ही जपा, असा सल्ला मिळाला आहे. सल्ल्याचं बिल वेगळं.