मँचेस्टरची परतफेड

वाशिमच्या पाटणी चौकात चौघे मित्र आणि एकच इअरफोन. एकाने ‘जॉय डिव्हिजन’ हा बँड शोधून काढलाय. अल्बम १९७९चा, शोध कालचा. शब्द कुणालाच कळले नाहीत, पण ‘लय उदास हाय बे’ यावर एकमत झालं. तेव्हापासून डीजेवाल्याकडे ते दयेने पाहतात. वरातीत पुढे नाचतात तेच.

बँड मँचेस्टरकडचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरकडच्याच गिरण्यांसाठी रवाना झाला. बदल्यात आता उदासी आली, वर अल्बमच्या कव्हरवरच्या पल्सर ताऱ्याच्या लहरी छापलेला काळा टी-शर्ट. घरी बाप सोयाबीनचा भाव ऐकून दोन दिवस असाच गप्प बसलाय. त्याला मात्र कुणी ‘मूडी’ म्हणत नाही.