स्कंधपुराण

आजारपणाचेही एक सौख्य असते, असे माझे जुने मत आहे. ताप आला म्हणजे मनुष्य पांघरूण ओढून पडतो, घरातली माणसे हलक्या आवाजात बोलू लागतात आणि समाचारास येणारे आप्तेष्ट मोसंबी घेऊन येतात; हाड मोडले तर त्याहूनही बरे, कारण प्लॅस्टर हा असा दाखला आहे की तो नुसता दिसताच आगगाडीत जागा आणि कचेरीत रजा बिनतक्रार मंजूर होते. परंतु ज्याचा खांदा आखडला आहे, त्या अभाग्याच्या वाट्याला यांपैकी काहीएक येत नाही. त्याला ताप नसतो, जखम नसते, एक्स-रेदेखील बहुधा निर्दोष निघतो, आणि लग्नाच्या मांडवात “वा, प्रकृती झकास दिसते तुमची!” असे म्हणून नेमकी त्याच खांद्यावर थाप मारणारा एखादा स्नेही भेटल्यावाचून राहत नाही.

या व्याधीस ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले, आणि देतानाच तिची व्याख्या करणे, तिच्यावर उपाय करणे व तिचा उलगडा करणे ही तिन्ही कामे कठीण असल्याची कबुलीही देऊन टाकली. हे कॉडमन गृहस्थ मोठे विलक्षण. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याचे पुढे वर्षभराने काय झाले याची इस्पितळाने नोंद ठेवावी आणि ती जाहीर करावी, असा त्यांचा आग्रह होता. एवढ्या सालस मागणीपायी समव्यावसायिकांचा जो रोष त्यांनी ओढवून घेतला, त्याची हकीकत वाचल्यावर दप्तर उघडे करण्याची धास्ती ही केवळ आपल्याकडच्या कचेऱ्यांची मिरास नव्हे, हे कळून मला बरेच समाधान वाटले.

खांदा हा उखळीचा सांधा. उखळी उथळ असल्यामुळे देहातील कोणत्याही सांध्यापेक्षा त्याला मोकळीक अधिक. आणि त्याच्याभोवतीचे आवरण सुजून, जाड होऊन आक्रसू लागले, की ती सारी मोकळीक जप्त होते. असे का होते याचे कारण पुष्कळदा सापडत नाही; चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि मधुमेही मंडळींत विशेष करून ते होते, एवढे मात्र निश्चित. मला तर हा सांधा म्हणजे हुबेहूब मामलेदार कचेरी वाटतो. प्रथम काही महिने नुसती आरडाओरड, म्हणजे वेदना, तीही मुख्यतः रात्री कुशीवर वळताना. पुढे आरडाओरड ओसरते पण कामकाज ठप्प, फळीवरचा डबा काढण्याचा अर्ज नामंजूर आणि पाठ खाजवण्याचा तहकूब. आणि अखेरीस, कोणाच्याही ध्यानात न येता, एकेक फर्मान सुटू लागते. सगळ्याचा निकाल लागण्यास एक ते तीन वर्षे सहज जातात. वशिलाही येथे चालत नाही. खांद्याची स्नायुबंधने फाटली असतील तर मनुष्याला स्वतःचा हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा वर जातो; आखडलेला खांदा मात्र दुसऱ्याच्या हातालाही दाद देत नाही, आणि डॉक्टर त्यास ओळखतात ते बव्हंशी यावरूनच.

डॉक्टरांनी मला फिजिओथेरपीकडे धाडले तेव्हा ‘शेक आणि करंट’ एवढीच माझी त्या शास्त्राविषयी कल्पना होती, आणि प्रारंभीची वीस मिनिटे ती खरीही ठरली. ओलसर उष्ण पिशवीखाली मी डोळे मिटून पडलो, खांद्यावर चिकटवलेल्या गाद्यांमधून मुंग्या धावू लागल्या, आणि आजारपणाचे हरवलेले सौख्य परत मिळाल्याची माझी खात्री पटत चालली. इतक्यात माझ्या पुतणीच्या वयाची एक कृश मुलगी आली, तिने एका हाताने माझे कोपर बरगडीशी दाबून धरले, दुसऱ्याने मनगट पकडले आणि ते सावकाश बाहेरच्या बाजूस वळवण्यास आरंभ केला.

“काका, हात सैल सोडा.”

“सोडलाय.”

“नाही सोडलाय. तुम्हीच धरून ठेवलाय. श्वास सोडा बघू... दुखणं दहापैकी किती?”

“नऊ!”

“मग अजून वाव आहे,” असे म्हणून तिने कोनमापक लावला आणि माझ्या जन्मजात योग्यतेचा आकडा, वीस अंश, वहीत टिपून घेतला.

आपल्या देशात या विद्येची पहिली शाळा परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतर लवकरच निघाली, त्या काळी पोलिओने लुळी पडलेली मुले हा मोठाच प्रश्न होता. अशा मुलांना पायांवर उभे करणाऱ्या विद्येस माझ्यासारख्या प्रौढाला सदऱ्याच्या बाहीत हात घालण्यास शिकवावे लागते, हा काळाचा महिमा. घरी करावयाचे पाठ निराळेच. कंबरेत वाकून हात लोंबता सोडावा आणि देहाच्या हेलकाव्याने तो आपोआप फिरू द्यावा, हा त्या कॉडमन यांच्याच नावाचा व्यायाम. भिंतीवर बोटांनी एकेक पेर वर चढावे. पाठीमागे पंचा धरून चांगल्या हाताने वाईट हाताला वर ओढावे. दाराला टांगलेल्या कप्पीची दोरी ओढावी आणि त्या अवधीत कोणी दार उघडू नये अशी घरात ताकीद द्यावी. इतर सर्व उपचारांत आपण पैसे मोजतो आणि कष्ट वैद्य करतो. येथे पैसेही आपण मोजायचे आणि वेठबिगारीही आपणच करायची! “घरी व्यायाम केलात ना?” या प्रश्नाला त्या दालनातील यच्चयावत् रोगी “केला तर!” असे एकमुखाने उत्तर देतात, आणि कोनमापक निमूटपणे त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो.

तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या वाचकांस, त्यातही मधुमेह पदरी असलेल्यांस, एक विनंती आहे. हा अंक क्षणभर बाजूस ठेवून दोन्ही कोपरे बरगड्यांस टेकवावीत, ती काटकोनात वाकवून पंजे दोन्हीकडे बाहेर उघडावेत. एक हात दुसऱ्याच्या मानाने मध्येच अडत असेल, तर शेजाऱ्यांनी सुचवलेल्या तेलाच्या बाटलीकडे न वळता अस्थिरोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि तेथून पुढे जेथे पाठवतील तेथे व्यायामाविषयी खरे तेच सांगावे.