घाट वगळून कात्रज

कात्रजच्या डोंगरात रात्री दिवे नाचवण्याची परंपरा फार जुनी. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे छाटून महाराज निघाले, तेव्हा म्हणे बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते घाटात सोडले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावली. हल्ली ट्रेकर पलिता स्वतःच्याच कपाळाला बांधतात आणि जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या तुडवतात. मोगलांना निदान फी तरी नव्हती.

आमचा भाचा त्यातला. तो शनिवारी रात्रभर चालतो, रविवारी दिवसभर आम्ही फोटो बघतो. दमतो दोघेही.

माझे कात्रज घाटाच्या अलीकडेच संपते, राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात. पेशवे पार्कातले प्राणी १९९९ च्या सुमारास इथे राहायला आले. १३० एकर जागा, त्यात ४२ एकरांचे तळे. झाडांतून जाणारा रुंद, सपाट रस्ता, बसायला बाकडी, आणि पाय फारच बोलू लागले तर बॅटरीवरची गाडी. बाबागाडी, चाकांची खुर्ची आणि नव्या गुडघ्यांची मावशी एकाच रांगेत जंगलात शिरतात. बुधवारी जंगल बंद. साप्ताहिक सुट्टी घेणारे अरण्य पुण्यालाच शोभते.

वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता. "आपण येणार म्हणून आधी कळवलं होतंस का रे?" मावशीने विचारले.

तळ्याशी मात्र ती रमली. जलपर्णी बघून आधी म्हणाली, "हिरवळ काय सुंदर राखलीय!" ती हिरवळ सांडपाण्यावर पोसते, हे मी सांगितले. मग हेही सांगितले, की नानासाहेब पेशव्यांनी याच पाण्याला चुनेगच्ची नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. मावशीचे माहेर सदाशिव पेठेतले. भाडेकरूने घर कसे ठेवलेय हे बघायला आलेल्या मालकिणीसारखी ती तळ्याकडे बघू लागली.

काठच्या दलदलीत एक जांभळी पाणकोंबडी लांबलचक बोटे पसरून जलपर्णीवरून चालली होती. "बघ, कुठे बुडते का! चालण्यासाठी डोंगरच लागतो असं थोडंच आहे," मावशी म्हणाली. पलीकडे पाण्यात एक काळा पक्षी होता, कपाळावर पांढरा टिळा.

"हा वारकरी," मी म्हणालो.

"इकडे कसा? माउलींची पालखी तर दिवे घाटातून जाते."

"चुकला असेल."

"चुकतोय कशाला? कुणीतरी कात्रजचा घाट दाखवला असेल."

एवढ्यात बॅटरीची गाडी आली. चालकाने अदबीने मावशीपुढे हात केला. तिने पदर खोचला आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"याला न्या. हा दमलाय."