एडिसनच्या गावी एक पॉइंट

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान चार गावं तरी पालथी घालावीत, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. या लेखातला जवळजवळ सगळा प्रवास न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, एका घराच्या मागच्या दारापासून त्याच घराच्या कुंपणापर्यंत झाला. वाहन चांगलं चोवीस फूट लांब होतं. मी त्यात राहिलो, जेवलो, झोपलो, पत्ते खेळलो. ते जागचं हललं नाही, त्याला माझा इलाज नव्हता.

वाहन जावयाचं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं, मोठ्या गाडीमागे जोडून ओढायचं घर. आत पलंग, सोफा, गॅसची शेगडी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, संडास, शॉवर आणि छतावर एसी. अशा चालत्या आणि ओढत्या घरांना तिकडे सरसकट आरव्ही म्हणतात आणि त्यांतली बहुसंख्य इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाच्या गावाच्या आसपास तयार होतात. निखिलरावांनी ऑफिसातल्या एकाकडून हा ट्रेलर जुना घेतला. बेत व्हर्जिनियात शेनान्डोआच्या डोंगरात जायचा होता. तेवढ्यात व्याही आणि विहीणबाई आल्या.

आम्ही आधीच आलेलो होतो. घरात पाहुण्यांची खोली एक आणि आजी-आजोबांचे जोड दोन. व्याह्यांचे गुडघे दुखतात, त्यांना ट्रेलरच्या पायऱ्या चढणं-उतरणं जमणार नाही, वगैरे चर्चा सुरू झाल्यावर शेवट कुठे होणार हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. मुलीकडच्यांनी काय बोलायचं असतं ते हिने बोलून टाकलं. “आपलं काय हो, आपण कुठेही राहू!” हे वाक्य विहीणबाईंच्या समोर जितकं गोड होतं तितकंच मागच्या अंगणात गेल्यावर कडू झालं. आमची वळकटी ट्रेलरमध्ये गेली.

जुलै महिना. अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. न्यू जर्सीच्या जुलैत माणसाला रत्नागिरीची आठवण येते, फक्त आंबे नसतात. एसीशिवाय त्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणं अशक्य. जावयाने गॅरेजमधल्या साध्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढली, तिला अॅडॉप्टर लावला आणि ट्रेलरची जाडजूड केबल त्यात खुपसली. दिवे लागले. फ्रिज घरघरला. एसी सुरू केला, त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि गॅरेजसकट सगळं बंद पडलं. गॅरेजच्या त्याच लाइनवर लेकीचा डीप फ्रीझर होता, त्यात खवलेलं खोबरं आणि विहीणबाईंनी खास आणलेल्या पुरणपोळ्या. ब्रेकर पडल्याचं घरात प्रथम त्यांनाच कळलं.

मी वाकून एक्स्टेंशनला हात लावला. वायर गरम होती. अजून थोडा वेळ एसी चालला असता तर तिच्यावर पापड भाजता आले असते.

इथे माझी ओळख करून द्यायला हवी. मी विद्युत मंडळातला माणूस. मंडळाचं 2005 साली विभाजन होऊन महावितरण झालं, तरी आमच्या तोंडात अजून ‘मंडळ’च. सांगली जिल्ह्यात आकडे काढण्यात आणि जळालेले डीपी बदलण्यात नोकरी गेली. दुसऱ्या देशात जाऊन कुणाच्या फिटिंगमध्ये नाक खुपसायचं नाही असं हिने मुंबई विमानतळावरच बजावलं होतं. पण वायर गरम लागल्यावर मंडळाचा माणूस गप्प बसू शकत नाही. “निखिलराव, याला वेगळी लाइन टाका,” मी म्हटलं.

हिशेब सोपा होता. त्यांच्याकडे घरातल्या साध्या प्लगला 120 व्होल्ट आणि 15 नाहीतर 20 अँपियर. हा ट्रेलर 30 अँपियरचा, म्हणजे 3,600 वॅट. याहून मोठ्या आरव्हींना 50 अँपियरचा चार पिनांचा पॉइंट लागतो, तो 12,000 वॅटपर्यंत देतो, पण ते श्रीमंतांचं काम. आपल्याला तीन पिनांचा, ट्रेलरसाठीच निघालेला टीटी-30 नावाचा सॉकेट, त्याला स्वतंत्र ब्रेकर आणि दहा गेजची तांब्याची वायर. सॉकेट पावसात भिजणार नाही अशा झाकणाच्या पेटीत, ट्रेलरशेजारी खांब रोवून त्यावर.

आपल्याकडे याच्यापुढे वायरमनला फोन करतात. तिकडे टाउनशिपच्या बांधकाम विभागात अर्ज, अर्जाबरोबर नकाशा, परवाना, लायसनवाला इलेक्ट्रिशियन आणि काम झाल्यावर इन्स्पेक्टर. एका प्लगसाठी! मी सगळ्या नोकरीत ग्राहकांकडून एवढे कागद मागितले असते तर माझी गडचिरोलीला बदली झाली असती.

बेसमेंटमधल्या पॅनेलपासून खांबापर्यंत केबल जमिनीखालून न्यायची होती. इलेक्ट्रिशियनने खोदकामाचे जे पैसे सांगितले ते ऐकून जावई म्हणाला, “चर आपणच खणू.” आणि इथे व्याह्यांचे गुडघे एकदम बरे झाले. व्याही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चर म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी दोरी मागितली, चुना मागितला, खुर्ची मागितली.

पण फावडं लावण्याआधी तिकडे 811 या नंबरला फोन करावा लागतो. फोन फुकट आणि न्यू जर्सीत तो खोदण्याच्या तीन कामाचे दिवस आधी करायचा. मग गॅस, वीज, पाणी, टेलिफोनवाल्यांची माणसं येऊन आपापली लाइन जमिनीखाली कुठून जाते ते रंगाने आखून, झेंड्या रोवून जातात. विजेला तांबडा, गॅसला पिवळा, टेलिफोनला नारिंगी, पाण्याला निळा, गटाराला हिरवा. हिरवळीवर झेंड्या पाहून नातवाला वाटलं त्याचाच वाढदिवस आहे. व्याही मात्र दुखावले. “आमच्याकडे खोदल्याशिवाय पाइप कुठे आहे ते कळत नाही. त्यात काही थरार असतो,” असं त्यांचं मत पडलं.

थरार त्यांना मिळाला. 811वाले आपल्या कंपन्यांच्या लाइनी दाखवतात, घरमालकाने स्वतः पुरलेल्या नाहीत. आधीच्या मालकाने हिरवळीला पाणी द्यायला तुषार सिंचनाची नळी टाकलेली होती. जावयाचं फावडं बरोबर तिच्यावर बसलं आणि कारंजं उडालं. पाटबंधाऱ्याच्या माणसाच्या देखरेखीखाली खोदलं आणि पाणी लागलं, हे त्यांच्या उभ्या कारकिर्दीत प्रथमच घडत असावं. हे मी मनात म्हटलं. हिने मोठ्याने म्हटलं.

पीव्हीसी पाइपातून केबल न्यायची तर अठरा इंच खोली लागते. व्याह्यांनी बावीस इंच करून घेतली. इन्स्पेक्टर चर बुजवण्याआधी बघायला आला, टेप टाकून मोजलं आणि अंगठा वर केला. त्या अंगठ्याचा फोटो व्याह्यांच्या निवृत्त अभियंत्यांच्या ग्रुपवर त्याच रात्री गेला.

इलेक्ट्रिशियनची तारीख मिळेपर्यंत मला थोडी सवड होती, ती मी देवदर्शनात घालवली. हे गाव नावापुरतं एडिसन नाही. मेन्लो पार्क याच गावात. 1879 साली एडिसनने आपला दिवा इथे पेटवून दाखवला. रॅरिटन टाउनशिप हे नाव बदलून गावाने 1954 मध्ये त्याचं नाव घेतलं. प्रयोगशाळा आता जागेवर नाही, तिची उभारणी हेन्री फोर्डने मिशिगनला केली. पण तिथे मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर काचेचा अवाढव्य बल्ब. मी चपला काढून हात जोडले. शेजारून ओक ट्री रोडवरच्या दुकानातून किराणा भरून निघालेलं एक गुजराती जोडपं आलं, त्यांनीही माझं बघून हात जोडले. कसला देव आहे, ते त्यांनी विचारलं नाही.

त्या देवाने करून ठेवलेला एक उपद्व्याप मात्र मला तिथेच आठवला. तांबं वाचवायला एडिसनने तीन तारांची पद्धत काढली, तिचं पेटंट 1883 चं. दोन बाजूंना दोन जिवंत तारा, मध्ये एक न्यूट्रल. पुढे त्याचा डीसी प्रवाह हरला, एसी जिंकला, पण तीन तारा राहिल्या. आजही अमेरिकेतल्या घरात खांबावरून दोन फेज आणि एक न्यूट्रल येतात. कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल घेतला की 120 व्होल्ट, त्यावर दिवे आणि टीव्ही. दोन्ही फेज घेतले की 240, त्यावर शेगडी आणि कपडे वाळवायचं यंत्र.

इलेक्ट्रिशियन आला, पोरगेला, उमदा, झपाझप काम करणारा. पॅनेलपासून खांबापर्यंत केबल ओढली, सॉकेट बसवला, झाकण लावलं आणि संध्याकाळी निघून गेला. शेवटची तपासणी दोन दिवसांनी होती, पण जावयाला धीर नव्हता. केबल उचलून तो खांबाकडे निघाला. मी म्हटलं, “थांबा.” आणि ट्रेलरमधून माझा टेस्टर आणला. साधा, पिवळ्या मुठीचा, आत निऑनचा दिवा असलेला. हिने बॅगेतून काढून टाकला होता, मी परत घातला होता.

सॉकेटच्या एका तिरप्या फटीत टेस्टर घातला. दिवा लागला, 120 व्होल्टला लागतो तसा जरा मिणमिणता. ठीक. दुसऱ्या फटीत घातला. ही न्यूट्रलची. इथे काही दिसायचं कारण नाही.

दिवा लागला.

“न्यूट्रलमध्ये फेज!” मी ओरडलो. ही आरोळी सांगली जिल्ह्यात मी दिली की डीपीवर चढलेला माणूस खाली उडी मारत असे. इथे फक्त शेजारच्या कुत्र्याने दाद दिली. जावयाने बेसमेंटातून मल्टिमीटर आणला. काटा नव्हता, आकडे होते. 243.

घरच्यासारखा व्होल्टेज! अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मला कुठेतरी आपलेपणा वाटला. पण ट्रेलरला तो मानवला नसता. आतला मायक्रोवेव्ह, टीव्ही, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, सगळं 120 चं. प्लग घातल्याबरोबर एकेकाचा धूर निघाला असता.

खाली जाऊन पॅनेल बघितलं तर 30 चा जोड ब्रेकर, दोन खटके एकत्र बांधलेले. टीटी-30 ला एकच खटका हवा. पोराची चूक समजण्यासारखी होती. तिकडच्या जुन्या घरांत कपडे वाळवायच्या यंत्राला 30 अँपियरचा, तीन पिनांचा, 240 व्होल्टचा सॉकेट असे. त्याच्याही दोन फटी तिरप्या, फरक फक्त तिसऱ्या पिनेचा. तिकडची एल आकाराची, ट्रेलरची गोल. तीन पिना आणि 30 चा आकडा दिसला की हात आपोआप जोड ब्रेकरकडे जातो. ही चूक इतक्या ठिकाणी झालेली आहे की आरव्हीवाले एकमेकांना सावध करत असतात.

सकाळी पोरगा आला. सॉकेटकडे बघितलं, माझ्या टेस्टरकडे बघितलं आणि लाल झाला. जोड ब्रेकर काढून एकेरी लावला, पांढरी वायर न्यूट्रलच्या पट्टीवर नेली. मीटर 121. जाताना टेस्टर कुठे मिळतो म्हणून विचारलं. मी म्हटलं, सांगलीला, मारुती चौकात. त्याने लिहून घेतलं.

एसी सुरू झाला आणि बंद पडला नाही. त्यानंतर एका दुपारी एसी चालू, हिने चहाची इलेक्ट्रिक किटली लावली आणि नातवाने मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न. तिघांचे मिळून साडेचार हजार वॅट. खटका पडला. मग मी कागद घेऊन वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. किटली सात ते साडेसात, मायक्रोवेव्ह दुपारी एसी बंद करून, पॉपकॉर्नला पूर्वसूचना आवश्यक. हिने ते वाचलं. “इथेही भारनियमन आणलंत,” म्हणाली.

व्याह्यांना खोलीतून ट्रेलर दिसायचा. चौथ्या दिवशी ते उशी घेऊन आले. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं नाही. दोन पायऱ्या ते टणाटण चढले.

तेव्हा लेकीने किंवा मुलाने अमेरिकेत 30 अँपियरवाला ट्रेलर घेतला आणि घराला पॉइंट बसवला, तर परवाना असो नसो, इन्स्पेक्टर आलेला असो नसो, प्लग घालण्याआधी सॉकेटला मीटर लावा. 120 च्या आसपास आलं तर खुशाल झोपा. 240 आलं तर केबल खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला परत बोलवा. मीटर नसेल तर टेस्टर जाताना बॅगेत टाका, पण केबिन बॅगेत नको, तिथे काढून घेतात.