जावईबापू नदीत उतरतात

गोर, साउथलंड, न्यूझीलंड
१६ नोव्हेंबर

ती. आई-बाबा,


मंदारचा फोटो बघून बाबांनी फोनवर विचारलं, "जावईबापू गटारं उपसायला लागले की काय?" नाही हो, नोकरी अजून दुधाच्या कारखान्यातच आहे. छातीपर्यंत चढवलंय ते वेडर्स. मोजे, विजार, बंडी सगळं एकात जोडलेलं आणि वर खांद्याला पट्टे. हे घालून तो नदीत मासे धरायला जातो.

आईचा पुढचा प्रश्न मला न विचारताच कळला: विकत आणायला काय झालं? आई, या देशात ट्राउट विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हा आहे. परवाना काढा, पाण्यात उतरा, स्वतः धरा, नाहीतर मुकाट्याने डब्यातला ट्यूना खा. त्यात आम्ही राहतो ते गाव स्वतःला ब्राउन ट्राउटची जागतिक राजधानी म्हणवतं. गावात भल्यामोठ्या ट्राउटचा पुतळाच उभा केलाय. हा मासा मूळचा इथला नाहीच. १८६७ साली टास्मानियातून अंडी आणून वाढवला. म्हणजे तोही आमच्यासारखा बाहेरून आलेला, फक्त त्याला व्हिसासाठी खेटे घालावे लागले नाहीत.

"लुंगी वर खोचली की झालं," हे बाबांचं मत मी जसंच्या तसं पोचवलं. मंदार म्हणाला, चिपळूणच्या वाशिष्ठीत ठीक आहे, पण मटाउरा नदीत लुंगी खोचून अर्धा तास उभं राहिलं तर पाय जागेवर आहेत का ते हाताने चाचपून बघावं लागेल. उन्हाळ्यात इथले पुष्कळ लोक वेडर्स घालत नाहीत हे खरं. ते आतून गरम कापडाची लांब विजार घालतात, तिच्यावर हाफपँट आणि पायात बूट. त्याच अवतारात मग दूध-पाव घ्यायला दुकानातही जातात. मी मंदारला सांगून ठेवलंय, एवढं मात्र मला चालणार नाही.

वेडर्स मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक निओप्रीनचे, जाड रबरी; कडाक्याच्या थंडीत उबदार, पण घालून मैलभर चाललं की आत माणूस उकडून निघतो. दुसरे पातळ कापडाचे, त्यातून बाहेरचं पाणी आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. इथे नदीकाठाने पायपीट फार, म्हणून हेच घेतले. घेताना आखूड नाहीत ना हे बघावं लागतं, नाहीतर वाकताना मधली शिवण ताणते आणि तिथूनच गळायला लागते. दुकानदार म्हणाला, "एक पाय बाकावर ठेवून बघा." तुमचे जावई भर दुकानात थेट उकिडवे बसले आणि तसेच बसून त्याच्याशी गप्पा मारू लागले. दुकानदाराने बायकोला आतून बोलावून आणलं, बघायला.

पण खरं सांगू? माझ्या मते पैसे घालायचे ते बुटांत. वेडर्स गळले तर माणूस भिजतो. बूट घसरले तर हाडं मोडतात. नदीचा तळ गोल गोट्यांचा, त्यावर शेवाळ. यावर पूर्वी फेल्टच्या तळाचे बूट वापरायचे, दाबलेल्या जाड कापडाचा तळ, ओल्या दगडाला घट्ट धरतो. पण २००४ साली इथल्याच वायाउ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. बाहेरून आलेलं, तपकिरी, दगडांवर गोधडी पांघरल्यासारखं पसरतं. फेल्ट लवकर वाळत नाही, त्यात ते जिवंत राहतं आणि पुढच्या नदीत जातं. म्हणून २००८ पासून मासेमारीला फेल्टचे तळ बंद. आता रबरी तळ आणि त्यात ठोकलेले कठीण धातूचे खिळे. दगडावर उत्तम, पण भाड्याच्या घरातल्या लाकडी जमिनीवर नको! ते बूट दाराबाहेरच काढायचे, हा कायदा माझा.

एवढ्यावर भागत नाही. एका नदीतून दुसरीत जाण्याआधी सगळं तपासा, धुवा, वाळवा, असा सरकारी दंडक आहे. एक लिटर पाण्याला ५० मिलीलिटर भांडी घासायचा साबण, ठरलेला वेळ सगळीकडे लागला पाहिजे. बुटांसारखं पाणी शोषणारं काही असेल तर जास्त वेळ. वाळवायचं असेल तर हाताला कोरडं लागल्यावरही पुढे ४८ तास. तेही सावलीत, हीटरजवळ ठेवले की तळाचा गोंद सुटतो. त्यामुळे आमच्या न्हाणीघरात टबात बूट, दांडीवर वेडर्स, आणि अंघोळीला नंबर लावून उभे आम्ही. लग्नाला बारा वर्षं झाली, मंदारने स्वतःचा टॉवेल वाळत घातलेला मी पाहिला नाही. वेडर्स मात्र उलटे करून आतूनसुद्धा वाळवतो.

भोकं पडतात ती वेगळीच. काठाला गॉर्सची काटेरी झुडपं आणि गाईंच्या कुरणांना तारा. बारीक छिद्र डोळ्यांना दिसत नाही. मग वेडर्स उलटे करायचे आणि आतून स्पिरिट फवारायचं. छिद्र असेल तिथे काळसर ठिपका उमटतो. ठिपके शोधायचं काम आमच्या छोट्या ईशानचं. एक सापडला की तो "आऊट!" म्हणून ओरडतो, मग त्यावर गोंदाचा थेंब आणि रात्रभर हात लावायची बंदी. कधी कधी ठिपका एकही निघत नाही, तरी मंदार म्हणतो आत ओल आहे. तो त्याचाच घाम असतो. हे त्याला पटत नाही.

आई, तू म्हणालीस आत पाणी भरलं तर माणूस बुडेल. ली वुल्फ नावाच्या अमेरिकन मासेमाराने हीच भीती खोडायला वेडर्ससकट पुलावरून उडी मारली होती आणि पोहत बाहेर आला. आतल्या पाण्याने माणूस खाली ओढला जात नाही. जड होतं ते काठावर चढताना. तरी कमरेचा पट्टा आवळून बांधायचा, म्हणजे पाणी आत शिरतंच कमी. तो पट्टा बांधलाय का, हे निघताना मी स्वतः ओढून बघते. तेव्हा काळजी नको.

आता कामाचं. तुम्ही जानेवारीत याल तेव्हा बाबांना नदीवर न्यायचा बेत ठरलाय, आणि बाबा नको म्हणणार नाहीत हे मला माहीत आहे. बाबा, संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, जाड लोकरी मोजे घालून कागदावर उभे राहा आणि आईकडून दोन्ही पावलांची रेघ मारून घ्या. दोन्ही हं, तुमचा उजवा मोठा आहे. बूट त्याहून एक नंबर मोठाच घ्यायचा, आत वेडर्सचा जाड पायमोजा बसावा लागतो. कागदाचा फोटो चालणार नाही, माप चुकतं. सेंटिमीटर मोजून कळवा. आणि येताना सामानात परसात वापरलेल्या चपला असतील तर घासून, वाळवून आणा आणि विमानतळावर फॉर्ममध्ये लिहा. चपलेला चिकटलेल्या चिपळूणच्या मातीसाठी इथे दंड भरायची माझी तयारी नाही. कोकमं मात्र भरपूर आणा, तीही फॉर्ममध्ये लिहून. ट्राउटच्या तिखल्याला चिंच घालून बघितली, जमत नाही.

तुमची,
नीता