वारसा म्हटल्यावर

बँकॉकला गेलेलं मराठी कुटुंब वाट फो देवळातल्या ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धासमोर जेमतेम थांबतं. तेही डोकं आणि पावलं एका फोटोत मावत नाहीत म्हणून. खरी भक्ती मसाजच्या रांगेत दिसते. तिसऱ्या रामा राजाने एकोणिसाव्या शतकात इथे शरीरातल्या नाड्यांच्या आकृत्या दगडात कोरून घेतल्या, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने थाई मसाजला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एवढं कळलं की बाबांचा खर्चाला असलेला विरोध मावळतो. वारशाशी घासाघीस कशी करणार?

इथे तेल नाही. ढगळ पायजमा चढवून गादीवर आडवं व्हायचं, मग चणीने लहान अशी एक बाई कोपरं, गुडघे, तळवे लावून बाबांची व्यवस्थित घडी घालते. घरी तांब्या उचलतानाही कण्हणारे बाबा हूं की चूं करत नाहीत. शेजारी आई चक्क घोरते. सून केव्हाच फेशियलला पळालेली.

या विद्येचं जनकत्व थाई परंपरा बुद्धकाळातल्या जीवक वैद्याला देते, म्हणजे आपल्याच मगधातल्या माणसाला. हे ऐकून बाबा सवलत मागायच्या बेतात असतात. पण आई जागी होते आणि टीप म्हणून शंभर बाट काढून देते. गावी नातवाला मालीश करणाऱ्या मावशींनी पन्नास रुपये वाढवून मागितले, तेव्हा तिने दुसरी बाई बघितली होती.