सौ. निळ्या पट्टीबाईंस खुले पत्र

गोखिवरे, वसई (पूर्व)

सौ. एलईडी पट्टीबाई,

रिक्षाचे छत, गणपतीचे मखर, लग्नाचा मांडव एवढे जिंकून आपण आता बोटीच्या कठड्याला चिकटलात, त्याबद्दल अभिनंदन. दोष आपल्या देखणेपणाचा नाही, गैरसोय समुद्राची आहे. तिथे दिवा शोभेचा नसतो, तो बोलतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. आपल्या उजव्या हाताला दुसऱ्या बोटीचा लाल दिसला की वाट आपण द्यायची. हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर, लालखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या प्रकारची जाळी पाण्यात आहेत. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत या दिव्यांशी गल्लत होईल, ते झाकोळतील किंवा टेहळणीत अडथळा येईल असा दुसरा दिवा लावायला मनाई आहे. आपण मात्र रिमोटच्या एका बटणावर लाल, हिरव्या, जांभळ्या होता, तेही डावे-उजवे न बघता. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसईच्या खाडीत वसई-भाईंदर रोरो फेरी सुरू झाली. मासेमारीच्या बोटीही त्याच खाडीत. समोरच्याने आपला कोणता रंग खरा धरायचा?

कोणी म्हणेल, जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षितता. हे घाटरस्त्यावरही पुरते खरे नाही, पाण्यावर तर साफ खोटे. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि त्या सरावलेल्या डोळ्याला निळसर उजेडच सर्वांत जास्त बोचतो. कठड्याबाहेरचे काळे पाणी, त्यात तरंगणारा जाळ्याचा बोया, सगळे आपल्या झगमगाटापुढे नाहीसे होते. (फोटो मात्र छान येतात, हे कबूल.) पाण्याखालच्या आपल्या भगिनींचे प्रकरण तर आणखी नाजूक. एलईडीच्या उजेडाने मासे ओढून मारण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तळाशी चमकणारी बोट मौजेची की चोरट्या मासेमारीची, हे गस्तवाल्याने दुरून कसे ओळखावे?

नारळी पौर्णिमेला बोटी सजतातच, हा आक्षेप रास्त आहे. पण ती सजावट पताकांची, बावट्यांची, दिवसाउजेडी मिरवायची. चढता-उतरता पाय घसरू नये म्हणून पायरीच्या कडेला आपण अवश्य बसा, तोंड खाली करून, मंद होऊन. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर हवे तितके मिरवा. दोर सुटला की मात्र रिमोट तांडेलाच्या खिशात जाईल.

आपला,
अंधाराचा हितचिंतक